खाड्या ओलांडताना

मालवणहून रत्नागिरीला जायला महामार्ग सरळ. पण धाकट्या बहिणीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पोहोचवायला आम्ही मुद्दाम किनाऱ्याची वाट धरली. आचरा, देवगड, जैतापूर, पावस. वाटेतल्या मोठ्या खाड्यांवर आता पूल झाले. पूर्वी तरीची वाट पाहत बसावे लागे.

बाबांचा जन्म रापण ओढण्यात गेला. जैतापूरच्या पुलावर ते म्हणाले, ‘‘माशांत शिकूचा काय आसता गो?’’

‘‘मासे कमी कित्याक झाले, ता!’’

बाबा गप्प झाले. मागच्या सीटवर आई सुक्या बांगड्यांची पिशवी सांभाळत होती. प्रश्न घरचाच होता. केंद्राने २०१७ साली एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी समुद्रातले तंटे संपलेले नाहीत. रापणीचे जाळे मात्र हलके होत चालले.

हे महाविद्यालय १९८१ सालचे. योगायोग असा, की त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. कोकणातली मुले पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, ती गणपतीपुरती परतली. ही पोर गेली ती आपल्याच समुद्राचे कोडे सोडवायला. ती परत येईल की नाही, कोण सांगणार? पण तिच्या शिक्षणाची वाट निदान किनारा सोडून गेलेली नाही.