दमसासाचा हिशेब : बालेवाडीच्या कोर्टवरची काही वर्षं

२०२३ च्या जानेवारीचा पहिला आठवडा. म्हाळुंगे-बालेवाडीच्या टेनिस संकुलात टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी २५० दर्जाची स्पर्धा चालू होती आणि मुख्य फेरीच्या यादीत एक नाव साताऱ्याचं होतं : मानस धामणे, वय पंधरा. वाइल्ड कार्डवर प्रवेश मिळालेला हा मुलगा पहिल्याच फेरीत अमेरिकेच्या चोवीस वर्षांच्या मायकेल मो याच्यासमोर उभा राहिला आणि २-६, ४-६ असा हरला. निकालात धक्कादायक काही नव्हतं. लक्षात राहिला तो दुसरा सेट. पहिल्या सेटमध्ये दोन गेम मिळालेल्या पोराने दुसऱ्यात चार गेम घेतले, म्हणजे मोठ्या माणसाच्या फटक्यांचा वेग अंगावर घेऊनही तो खचला नव्हता.

त्यानंतर मानसच्या खात्यात व्यावसायिक टेनिसचं पहिलं एकेरी विजेतेपद जमा व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. ते मिळालं २०२५ मध्ये ट्युनिशियातल्या मोनास्तिरला, एम १५ दर्जाच्या स्पर्धेत. एम १५ म्हणजे एकूण बक्षीस रक्कम पंधरा हजार डॉलर आणि विजेत्याला क्रमवारीचे १५ गुण. बालेवाडीतल्या त्या स्पर्धेचा विजेता २५० गुण घेऊन गेला होता. वाइल्ड कार्डने वरची पायरी दाखवली खरी, पण चढायला सुरुवात करावी लागली ती सगळ्यांत खालच्या पायरीवरून. यात मानसचं काही चुकलं असं मुळीच नाही. व्यावसायिक टेनिसची शिडी अशीच आहे, आणि ती चढताना लागणारा दमसास बालेवाडीच्या प्रेक्षकांनी गेल्या दहा-बारा वर्षांत जितक्या जवळून पाहिला तितका देशात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळाला असेल.

वाकडच्या बाजूने मुळा ओलांडली की हे संकुल येतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं, २००८ मध्ये इथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. पत्त्यात पुणे असलं तरी हिंजवडी, वाकड, चिंचवड, निगडीच्या लोकांना ते घरचंच वाटतं. इथल्या चॅलेंजर स्पर्धेला, म्हणजे एम १५ च्या वरच्या पण एटीपी २५० च्या खालच्या दर्जाच्या स्पर्धेला, काही वर्षं नाव होतं केपीआयटीचं, म्हणजे हिंजवडीतून गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं. पुढे एटीपी स्पर्धेला नाव लागलं टाटांचं, ज्यांच्या मोटारींच्या कारखान्याभोवती पिंपरीची दोन पिढ्यांची घरं उभी राहिली. या पट्ट्यातल्या उद्योगाचा आणि टेनिसचा संबंध जुना आहे, आणि लेखाच्या शेवटी त्याच्याकडे यावंच लागेल.

केपीआयटीच्या काळातला नायक होता युकी भांब्री. २०१५ आणि २०१७, दोन्ही वर्षी त्याने पुण्याचं चॅलेंजर जिंकलं. २०१७ ची अंतिम लढत रामकुमार रामनाथनशी, म्हणजे दोन भारतीयांतच झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच संकुलात भारताने डेव्हिस चषकात न्यूझीलंडला ४-१ असं हरवलं होतं. ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता राहिलेला युकी एप्रिल २०१८ मध्ये जागतिक क्रमवारीत ८३ व्या स्थानावर पोहोचला आणि नेमक्या त्या टप्प्यावर गुडघ्याने दगा दिला. दोन वर्षांहून अधिक काळ तो कोर्टबाहेर होता. परत आल्यावर त्याने एकेरीचा हट्ट सोडला, दुहेरीवर सगळं लक्ष घातलं आणि २०२५ मध्ये मायकेल व्हीनसबरोबर अमेरिकन ओपनच्या दुहेरीची उपांत्य फेरी गाठली. गुडघा गेलेल्या खेळाडूने स्वतःचा खेळ नव्याने मांडून तेहतिसाव्या वर्षी तिथवर जाणं, ही भारतीय टेनिसमधली एक मोठी कामगिरी आहे. तिची चर्चा मात्र फारच कमी झाली.

चेन्नईहून एटीपी स्पर्धा पुण्यात आली २०१८ मध्ये. पहिल्या वर्षी जील सिमाँने केविन अँडरसनला अंतिम फेरीत हरवलं. दक्षिण आफ्रिकेच्या या उंचापुऱ्या खेळाडूचं ते वर्ष बालेवाडीपासून मोजण्यासारखं आहे. जानेवारीत इथे उपविजेता. जुलैत विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात जॉन इस्नरविरुद्ध सहा तास छत्तीस मिनिटं खेळून, पाचवा सेट २६-२४ असा जिंकून अंतिम फेरीत. आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा बालेवाडीत, या वेळी विजेता. त्या २०१९ च्या अंतिम लढतीत समोर होता इव्हो कार्लोविच, चाळिशीला महिना-दोन महिने उरलेला. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले : ७-६, ६-७, ७-६. इतक्या वयाचा खेळाडू एटीपी स्पर्धेच्या अंतिम फेरीत दिसण्याची गोष्ट १९७७ च्या केन रोझवॉलनंतर पहिल्यांदाच घडत होती.

अँडरसन आणि इस्नर हे दोघेही अमेरिकन विद्यापीठांच्या संघांतून आलेले, हा योगायोग मानता येणार नाही. चार वर्षं शिकत शिकत खेळायचं, संघाचा डॉक्टर आणि व्यायामशाळा हाताशी, तिकिटाचा खर्च विद्यापीठाचा. बाविशीत टूरवर उतरेपर्यंत हाडं पक्की झालेली असतात. उलट बाजूचं उदाहरण जेनिफर कॅप्रियातीचं. ती १९९० मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, काही वर्षांतच कोलमडली, आणि त्यानंतर महिला टूरने कोवळ्या मुलींनी वर्षात किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा घातली. आपल्याकडे मात्र दहावी सोडून टेनिस करावं का, हा प्रश्न पालक अजूनही असा विचारतात जणू मधला मार्गच नाही.

तो आहे, आणि इथल्याच मुलामुलींनी तो चालून दाखवला आहे. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात खेळला, परत येऊन वर्षानुवर्षं चॅलेंजर स्पर्धांची धूळ खाल्ली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिशी गाठल्यावर, ऋत्विक बोल्लीपल्लीच्या साथीने अल्माटीत एटीपी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. श्रीरामपुरात जन्मलेली, पोलीस अधिकाऱ्याची मुलगी ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिने जिंकलं तेव्हा पहिला सेट २-६ असा गेला होता. दुसरा ६-३ ने खेचून आणला, सुपर टायब्रेक १०-४. बोपण्णा त्रेचाळीस वर्षांचा होता, त्यामुळे कौतुक त्याच्या वाट्याला जास्त आलं. पण त्या सामन्यात ऋतुजाच्या परतीच्या फटक्यांशिवाय सुवर्ण आलं नसतं, हे नोंदवायलाच हवं.

टेक्सासच्या त्याच विद्यापीठातून आलेला आणखी एक खेळाडू बालेवाडीच्या लोकांनी पाहिला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याचं चॅलेंजर मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने जिंकलं. फार थोड्यांना ते नाव ध्यानात राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच व्हाशेरो २०४ व्या क्रमांकावरून, पात्रता फेरी खेळून, शांघाय मास्टर्सच्या मुख्य फेरीत शिरला आणि थांबलाच नाही. उपांत्य फेरीत जोकोविच, अंतिम फेरीत नात्याने भाऊच लागणारा आर्थर रिंडरक्नेश. हा भाऊही त्याच विद्यापीठाचा. मास्टर्स जिंकणारा तो आजवरचा सर्वांत खालच्या क्रमांकाचा खेळाडू ठरला. वाटेत चौथ्या फेरीत त्याने पहिला सेट गमावून हरवलं ते तालोन ग्रीकस्पोरला, म्हणजे २०२३ मध्ये ज्या स्पर्धेत मानस खेळला तिच्या विजेत्याला. बालेवाडीचे दोन विजेते शांघायमध्ये समोरासमोर!

ग्रीकस्पोरच्या विजयानंतर एटीपी २५० स्पर्धा पुण्यातून गेली. २०२४ पासून जानेवारीतला तो आठवडा हाँगकाँगने घेतला. तेव्हा इथे बरीच हळहळ झाली. मोठी नावं पाहायला मिळणं गेलं, हे खरंच. पण खेळाडू घडण्याच्या दृष्टीने पाहिलं तर चॅलेंजर टिकलं हे अधिक मोलाचं होतं.

आणि मोठ्या लढतीही थांबल्या नाहीत. ८ ते १२ एप्रिल २०२५, ऐन उन्हाळ्यात, महिलांच्या बिली जीन किंग चषकाच्या आशिया-ओशनिया गटाच्या लढती याच संकुलात झाल्या. पाच दिवसांत पाच देशांशी गाठ. भारत पहिल्याच दिवशी न्यूझीलंडकडून हरला आणि नंतरच्या चारही लढती जिंकून प्ले-ऑफमध्ये गेला. हैदराबादच्या श्रीवल्ली भामिडीपाटीने पाच दिवसांत पाच एकेरी सामने खेळले, पाचही जिंकले. अशा आठवड्यात दमसास म्हणजे काय ते बाजू बदलताना मिळणाऱ्या नव्वद सेकंदांत दिसतं. बसल्या बसल्या मानेवर बर्फाचा टॉवेल, केळ्याचे दोन घास, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट, ओली झालेली ग्रिप काढून नवी पट्टी गुंडाळायची, आणि पंचांनी पुकारताच उन्हात परत. सामना संपला की आंघोळीआधी स्ट्रेचिंग, रॅकेट गटिंगला टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच. शेवटच्या दिवशी दक्षिण कोरियाविरुद्ध निर्णायक दुहेरी जिंकली अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे यांनी. अहमदाबादची अंकिता टेनिससाठी लहान वयात पुण्यात येऊन राहिली, प्रार्थना बार्शीची. सानिया मिर्झाबरोबर तिने आशियाई पदक जिंकलं ते २०१४ मध्ये. अकरा वर्षांनी ती अजून कोर्टवर होती.

पुढची पिढीही दिसू लागली आहे. जुलै २०२५ मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत पुण्याच्या वैष्णवी आडकरने एकेरीचं कांस्य मिळवलं, उपांत्य सामना तीन सेटपर्यंत ताणून. या स्पर्धेत टेनिसमधलं याआधीचं भारतीय पदक नंदन बाळ यांचं, १९७९ मधलं रौप्य. मधली शेहेचाळीस वर्षं कोरडी गेली होती.

क्रमवारीचे गुण बावन्न आठवडे टिकतात, मग गळून पडतात. म्हणून मानस किंवा वैष्णवीच्या वयाच्या खेळाडूला वर्षभर, जवळजवळ दर आठवड्याला, कुठेतरी खेळत राहावं लागतं. मोनास्तिरमध्ये एम १५ दर्जाच्या स्पर्धा वर्षभर ओळीने होतात, म्हणूनच जगभरची पोरं तिथे जातात. विमानभाडं, हॉटेल, गटिंग, प्रशिक्षकाचा खर्च धरला तर एम १५ जिंकूनही मिळणारे सुमारे दोन हजार डॉलर पुरत नाहीत. पाय थकण्याआधी घरचे पैसे संपतात. आपल्याकडची बरीच मुलं तिथेच थांबतात. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर अंडी उत्पादकांच्या एनईसीसी या संस्थेच्या मदतीने महिलांची आयटीएफ स्पर्धा वर्षानुवर्षं भरते आहे, तेव्हा हे जमत नाही असं नाही. एम १५ ची एकूण बक्षीस रक्कम रुपयांत तेरा लाखांच्या आसपास जाते. आयोजनाचा खर्च वर धरला तरी चाकण-तळेगाव-हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांना ती जड नाही. फेब्रुवारीतल्या चॅलेंजरच्या आगेमागे अशा तीन-चार स्पर्धा लागोपाठ घेतल्या, तर निगडी किंवा भोसरीतल्या एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला पहिले गुण मिळवायला पासपोर्ट काढावा लागणार नाही. पीएमपीची बस पुरेल.