ऐकू येतं, पण कळत नाही : श्रवणचेतेतल्या वेगवेगळ्या पेशी

देवळ्याला घरी गेलो की बाबांची एकच तक्रार. कांद्याच्या लिलावात, ट्रॅक्टरांच्या घरघरीत आवाज येतो पण बोली कळत नाही. तपासणीत कान मात्र 'नॉर्मल'!

माणसाच्या एका कानातून मेंदूकडे साधारण ३०,००० चेतापेशी जातात. त्यातल्या सुमारे ९५ टक्के टाइप-१. त्यातली प्रत्येक पेशी सहसा एकाच आतल्या केशपेशीला जोडलेली. उरलेल्या टाइप-२, त्या बाहेरच्या अनेक केशपेशींना जोडलेल्या. परीक्षेपुरतं एवढं पुरतं, पण टाइप-१ सुद्धा एकसारख्या नाहीत.

१९७८ मध्ये चार्ल्स लिबरमन यांनी मांजरांमध्ये दाखवलं, की काही तंतू शांततेतही सतत संदेश सोडतात आणि हळू आवाजालाही जागे होतात. काही मात्र जवळपास गप्प, आवाज वाढल्यावरच बोलू लागतात. २०१८ मध्ये उंदरांच्या एकेका पेशीतला आरएनए वाचला गेला, तेव्हा टाइप-१ चे तीन उपप्रकार निघाले. म्हणजे आधी वागणुकीवरून केलेली विभागणी ४० वर्षांनी जनुकांतही बऱ्याच अंशी दिसली.

आता तपासणीकडे या. ती होते शांत खोलीत, सर्वांत हळू आवाजावर. गप्प तंतू तिथे तपासलेच जात नाहीत! २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण कानाच्या काही भागांत चेतापेशींचे निम्म्यापर्यंत जोड कायमचे गेले. गिनीपिगमध्ये गप्प तंतूंचंच नुकसान जास्त दिसलं.

बाबांचंही हेच झालंय, असं मी म्हणणार नाही. जिवंत माणसात हे जोड थेट मोजता येत नाहीत. गोंगाटात शब्द ओळखायची चाचणी मात्र असते, ती करून घ्या म्हटलंय.