घरीं घडविलेली मोटारसायकल

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीच्या आरंभीं वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी व त्याचे वडील असे दोघे मजकडे आले. मुलाच्या हातांत वहीचें एक पान होतें व त्यावर पेन्सिलीनें मोटारसायकलचें चित्र काढलेलें होतें: लांबट टांकी, मागें निमुळती होत गेलेली बैठक, चाकाला अगदीं बिलगून बसलेलें मडगार्ड. भंगारवाल्याकडे एक जुनी मोटारसायकल आहे, तिचें यंत्र अद्याप चालतें. तेव्हां ती घेऊन तिला घरींच, स्वतःच्या हातानें, नवें अंग घडवावें असा त्याचा मनोदय होता. वडील बराच वेळ गप्प होते. मग आपल्या वऱ्हाडी बोलींत म्हणाले, "सर, हे होईन का नाही, ते मी विचारत नाही. होऊ द्याव का, तेवढं सांगा."

त्या दिवशीं मीं दिलेलें उत्तर घाईचें होतें. हाच प्रश्न दुसऱ्याहि पालकांच्या मनांत येत असेल असें वाटल्यावरून येथें थोडें विस्तारानें लिहितों.

घरीं मोटारसायकल बनविणें हा आजकालच्या मुलांनीं काढलेला नवा नाद नव्हे. पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी १८८५ सालीं जर्मनींतील कानस्टाट गांवीं तयार झाली, ती कोणत्याहि कारखान्यांत नव्हे, तर गॉटलीब डाइम्लर यांच्या घरामागील बागेंतल्या कांचगृहांत. डाइम्लर व त्यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख हे दोघे तेथें रात्रंदिवस ठोकाठोक करीत असत. ती ऐकून आंत खोटीं नाणीं पाडण्याचा उद्योग चालला असावा असा माळ्यास संशय आला व त्यानें पोलिसांस कळविलें, अशी गोष्ट सांगतात. त्या गाडीचा सांगाडा लाकडाचा होता, यंत्राची शक्ति अर्ध्या घोड्याची, आणि वेग ताशीं सुमारें १२ किलोमीटर. म्हणजे आपल्याकडील शर्यतीच्या बैलांनीं तिला सहज मागें टाकलें असतें! आजहि हा घरगुती उद्योग थांबलेला नाहीं. मुंबईकडे अक्षय वर्दे यांनीं जुन्या गाड्यांस नवें रूप देण्याचा धंदाच उभारला व त्यास 'वर्देंची' असें नांव दिलें. मराठी षष्ठी विभक्तीचा असा उपयोग व्याकरणाच्या तासास सांगण्याजोगा आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मोटारसायकलचे दोन भाग मनांत वेगळे धरावे. एक भाग सांगाड्याचा. त्यावर यंत्र, चाकें, ब्रेक, आणि पुढचें चाक धरणारा, ज्यास सायकलवाले चिमटा म्हणतात तो फोर्क, हीं सर्व बसतात. दुसरा भाग अंगाचा. म्हणजे टांकी, मडगार्ड, बाजूचीं झांकणें, बैठकीखालचा पत्रा. पहिल्या भागास हात लावूं नये, असें मी त्या मुलास सांगितलें, व तें आजहि तसेंच म्हणतों. पुढचा चिमटा एका ठराविक तिरकेपणानें बसविलेला असतो. त्याची तिरकी रेषा सरळ खालीं वाढविली तर चाक जेथें जमिनीस टेकतें त्याच्या थोडी पुढें, बहुतेक गाड्यांत ९ ते ११ सेंटिमीटर पुढें, ती जमिनीस मिळते. या अंतरामुळेंच चाक आपोआप सरळ राहूं पाहतें. केवळ दिसावयास ऐटबाज म्हणून सांगाडा कापला किंवा चिमटा लांबविला कीं हा हिशेब बिघडतो, आणि बिघडल्याचें भरवेगांत वळण आल्यावर कळतें.

अंगाची गोष्ट निराळी. येथें हाताला खरोखर वाव आहे, आणि या हस्तकलेचें शिक्षण आपल्या वऱ्हाडांत दारोदार उपलब्ध आहे, हें आपल्या लक्षांत येत नाहीं. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यामुळें अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांत कूलरच्या पत्र्याच्या पेट्या बनविणारे कारागीर माघापासूनच कामास लागलेले दिसतात. पत्रा आंखणें, कातरणें, दुमडणें, कडा वळविणें हें ते डोळे मिटून करतील. मोटारसायकलचें मडगार्ड करूं इच्छिणाऱ्या मुलानें प्रथम अशा एखाद्या दुकानांत पंधरा दिवस नुसतें बसावें.

मात्र कूलरची पेटी व टांकी यांत एक मोठा भेद आहे. पत्रा कागदाप्रमाणें एकाच दिशेनें वांकविणें सोपें असतें. पेटी, पन्हळ, धान्याची कोठी हीं सर्व त्याच जातीचीं कामें. टांकी एकाच वेळीं दोन दिशांनीं गोलावलेली असते. मोर्शी-वरूडच्या संत्र्याची अर्धी साल अखंड काढून पाटावर दाबून पाहावी. ती सपाट होण्यापूर्वीं कडेस फाटते. उलट, सपाट पत्र्यापासून तसा गोलवा काढावयाचा तर दोनच मार्ग आहेत: मधला भाग ताणून मोठा करावयाचा किंवा कडेचा भाग आंखडून लहान करावयाचा. ताणण्यासाठीं वाळूनें घट्ट भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर पत्रा ठेवून लांकडी मोगरीनें ठोकतात. पत्रा पसरतो, खोल होतो व पातळहि होतो. आंखडण्याची रीत मात्र प्रत्येक घरांतील स्त्रियांस ठाऊक आहे. मोदकाची पारी मिटवितांना त्या कडेला चुण्या घालतात ना? तशाच चुण्या पत्र्याच्या कडेस पाडतात, आणि मग एकेक चुणी तिच्यांतच ठोकून जिरवितात. कणीक बिचारी ऐकते. पत्रा हट्ट करतो. चुणी आडवी पडून पत्रा दुमडला तर तो तुकडा गेलाच म्हणून समजावें. चांगला कारागीर ताणणें थोडें व आंखडणें अधिक करतो, कारण आंखडलेल्या जागीं पत्रा जाड होतो, ताणलेल्या जागीं फाटावयास टेकतो.

ठोकतां ठोकतां धातु कठीण होत जातो हें तांबटांस पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणूनच घडवितांना ते भांडें मधून मधून भट्टींत लाल करून मऊ करून घेतात, व शेवटीं मठारून त्यास ताठपणा व झळाळी आणतात. पोलादी पत्र्यासहि हीच युक्ति लागू पडते. अल्युमिनियम लाल होत नाहीं, एकदम वितळून खालीं पडतें. म्हणून त्यावर आधीं साबण घासतात, आणि साबण काळसर झाला कीं ज्योत बाजूस घेतात.

पत्रा कोणता घ्यावा? मडगार्ड व टांकी यांस १८ ते २० गेजचा, म्हणजे सुमारें १.२ ते ०.९ मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी पत्रा बरा. कूलरचा पत्रा याहून पुष्कळ पातळ असतो व त्यावर जस्ताचा थर असतो. जस्ताचा पत्रा वेल्डिंगनें जोडूं गेल्यास जो पांढरा धूर निघतो तो छातींत गेल्यावर त्याच रात्रीं थंडी वाजून ताप भरतो. स्वस्त मिळतो म्हणून तो टांकीस वापरूं नये.

प्रत्यक्ष काम कागदापासून सुरू होतें. प्रथम पुठ्ठ्याचे आडवे-उभे छेद कापून, ते एकमेकांत अडकवून टांकीचा आकार उभा करावा व गाडीवर ठेवून पाहावा. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवावें. तें कोठेंहि टांकीस लागतां कामा नये, आणि मधें बोटें चेंगरणार नाहींत इतकी जागा उरली पाहिजे. मग त्याच आकाराचा लांकडी सांचा करून घ्यावा आणि पत्रा थोडा थोडा ठोकून सांच्यावर बसवीत जावा. पृष्ठभाग सारखा झाला कीं नाहीं हें डोळ्यांनीं ठरवूं नये. पातळ कपड्याआडून तळहात फिरवावा. डोळ्यांस न दिसणारा उंचवटा हातास तत्काळ सांपडतो. जोड एकदम सलग करीत गेल्यास उष्णतेनें पत्रा वेडावांकडा होतो. म्हणून इंच-इंच अंतरावर, आळीपाळीनें समोरासमोरच्या बाजूंस, आधीं नुसते टाके घ्यावे.

टांकी झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी. सर्व भोकें बंद करून आंत अगदीं थोडी हवा, चौरस इंचास दोन-तीन पौंडांपेक्षां अधिक नाहीं, भरावी व जोडांवर साबणाचें पाणी फिरवावें. जेथें बुडबुडा तेथें गळती. जास्त हवा भरली तर इतक्या दिवसांची मेहनत क्षणांत फुग्यासारखी फुगते. झांकणास सूक्ष्म छिद्र हवेंच. नाहींतर उपड्या केलेल्या बाटलींतील पाण्याप्रमाणें पेट्रोल अडखळूं लागतें. आणि टांकी गळ्यापर्यंत भरूं नये. पेट्रोल एक अंश तापलें कीं हजारांत सुमारें एक भाग फुगतें. दहा लिटर पेट्रोल सकाळच्या २५ अंशांवरून दुपारच्या ४५ अंशांवर गेलें तर तें जवळजवळ १९० मिलिलिटरनें वाढतें, व त्यास जागा नसल्यास तें तापलेल्या यंत्रावर ओघळतें.

येथें एक गोष्ट पालकांनीं स्वतः पाहावी. जुन्या टांकीस कोणत्याहि सबबीवर ज्योत लावूं देऊं नये. पेट्रोलचा द्रव जळत नाहीं, जळते ती त्याची वाफ. आणि हवेंत ती शेंकडा सुमारें दीड ते साडेसात भाग असली कीं ठिणगीसरशी स्फोट होतो. भरलेल्या टांकींत वाफेला जागाच नसते. 'रिकामी' टांकी हीच खरी बाँबगोळ्यासारखी असते, मग ती वर्षभर कोरडी पडलेली कां असेना.

मुलाच्या चित्रांत मडगार्ड चाकाला बिलगलेलें होतें, असें मीं आरंभीं लिहिलें आहे. चित्रांत तें सुरेख दिसतें. परंतु खड्ड्यांत चाक वर उचललें जातें, तें १० सेंटिमीटरहि उचललें जाऊं शकतें. आणि आपली काळी माती पावसाळ्यांत टायर व मडगार्ड यांच्यामध्यें भरूं लागली म्हणजे बैलगाडीचें चाकहि जागच्या जागीं थिजवते, हें शेतकऱ्याच्या मुलांस सांगावयास नको. मातींत फसलेली बैलगाडी उभी राहते. चाक अडलेली मोटारसायकल मनुष्यास फेकून देते. वऱ्हाडांत घडविलेलें मडगार्ड वऱ्हाडच्या मातीच्या मापानें घडवावें. अंगाचें काम निव्वळ शोभेचें असतें, हा समज येथें खोटा ठरतो.

याच संदर्भांत यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगीची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शेख इस्माईल शेख इब्राहीम हा आठवीनंतर शाळा सुटलेला, पत्र्याचें व वेल्डिंगचें काम करणारा २४ वर्षांचा तरुण. त्यानें मारुति ८०० गाडीचें यंत्र घेऊन, स्वतः पत्रे ठोकून एका माणसाचें हेलिकॉप्टर उभें केलें व त्यास 'मुन्ना हेलिकॉप्टर' असें नांव दिलें. ऑगस्ट २०२१ मध्यें एका रात्रीं जमिनीवरच यंत्र फिरवून पाहत असतां शेपटीच्या पंख्याचें पातें तुटलें, तें मोठ्या पंख्यावर आदळलें, आणि त्या आघाताचा तडाखा आंत बसलेल्या इस्माईलच्या डोक्यास बसून त्याचा अंत झाला. त्यानें ठोकलेलें अंग जसेंच्या तसें उभें होतें. घात केला तो फिरणाऱ्या भागानें. त्या हातांतील कसब अस्सल होतें याविषयीं मला शंका नाहीं. शेजारीं बसून "हें पातें किती ताण सोसतें, तें आधीं लांब उभे राहून पाहूं" असें म्हणणारें कोणी असतें तर, असें मात्र वारंवार वाटतें.

दुसरी हकीकत सुदैवानें आनंदाची आहे. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतून, दुचाकीचें यंत्र वापरून, पायानें किक मारून सुरू होणारी एक छोटी चारचाकी सुमारें ६०,००० रुपयांत बनविली. डिसेंबर २०२१ मध्यें उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिचें मनापासून कौतुक केलें. पण त्याच वेळीं, ही गाडी नियमांत बसत नसल्यानें आज ना उद्यां अधिकारी ती थांबवितील, हेंहि सांगितलें. पुढील महिन्यांत त्यांनीं ती घेऊन लोहार कुटुंबास नवी बोलेरो दिली. सगळ्यांनाच महिंद्र भेटत नाहींत, म्हणून कायदा ठाऊक असावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्यानें नोंदविलेल्या तपशिलांत विसंगति येईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, व ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच स्पष्ट केलें. गाडीचें मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतील बदल म्हणजे फेरफार, अशी त्या कलमांतच व्याख्या आहे. तेव्हां पत्रा कापण्यापूर्वीं चित्र घेऊन अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या परिवहन कार्यालयांत जावें, व नकार मिळाल्यास गाडी अंगणांत व प्रदर्शनांत ठेवावी. शिवाय १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीं अशी गाडी रस्त्यावर नेणाऱ्या मुलाच्या पालकांस २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

हें सर्व मीं त्या दोघांस दुसऱ्या भेटींत सांगितलें. भंगारांतली गाडी तूर्त घेऊं नये असें ठरलें. त्याऐवजीं मुलानें पत्रा, मोगरी व वाळूची पिशवी एवढेंच सामान आणावें, आणि प्रथम एक मडगार्ड करून दाखवावें. त्यानें सुटींत तीन केलीं. पहिल्याची कड चुणींतच फाटली. दुसऱ्यावर हातोडीचे घाव मोजतां येतात. तिसरें मात्र हातास गुळगुळीत लागतें. तें वडिलांनीं आपल्या जुन्या सायकलच्या मागच्या चाकावर बसविलें आहे, मधें दोन बोटें सहज जातील इतकी जागा ठेवून.