खावटीच्या अर्जामागची माणसं

जालना जिल्ह्यातल्या वाटूरहून परतूरच्या कोर्टात जाणारी बाई पिशवीत कोणते कागद नेते, यावर तिच्या खावटीचं पुष्कळसं ठरतं. लग्नपत्रिका, रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, नवऱ्याच्या नावचा सातबारा. हे कागद जमवायला सांगणारं, तिची हकिगत तारखांसह मांडून वकिलापुढे ठेवणारं माणूस बहुधा वकील नसतं. निकालपत्रात त्याचं नाव येत नाही. गेल्या चाळीस वर्षांत कायदा बदलत गेला, तसं या माणसाचं कामही वाढत गेलं.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा टाकलेल्या बाईला मुख्य आधार होता तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५चा आणि त्यात महिन्याला पाचशे रुपयांची कमाल मर्यादा. ती २००१ साली उठली. मधल्या काळात १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यानं समुपदेशकाला न्यायालयात जागा दिली. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. १९८८मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली आणि घराघरांत दडलेला प्रश्न चारचौघांत आला.

२००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठानं सांगितलं, की खावटीच्या अर्जाला उत्तर म्हणून मुस्लिम नवऱ्यानं 'मी तलाक दिला' एवढं कोर्टात लिहून देणं पुरेसं नाही. कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल. तेव्हापासून मदतनिसाचा पहिला प्रश्न झाला, 'समेटाच्या बैठकीला कोण कोण होतं?' माझ्या मते अशा साध्या प्रश्नांनीच खटले उभे राहतात.

२६ ऑक्टोबर २००६ला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लागू झाला. संरक्षण अधिकारी आला, त्याचा घटना अहवाल आला. बाई तात्पुरती जिथं राहते तिथंही अर्ज करता येतो, ही त्यातली तरतूद आमच्या भागाला फार मोलाची. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं घर सहा सहा महिने दुसऱ्याच जिल्ह्यात असतं. पुढच्याच वर्षी तंटामुक्त गाव मोहीम आली. गावात मिटलेलं भांडण चांगलंच, पण मार खाल्लेल्या बाईला 'नांदायला जा' म्हणून धाडणं म्हणजे तंटा मिटवणं नव्हे.

२०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खावटीच्या खटल्यात दोन्ही बाजूंना उत्पन्नाचं शपथपत्र बंधनकारक केलं आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितली. 'मला कमाईच नाही' म्हणणाऱ्या नवऱ्याला उत्तर द्यायचं तर मोंढ्यातली सोयाबीनची पट्टी शोधावी लागते. ती वकील शोधत नाही. जुलै २०२४पासून कलम १२५ जाऊन नव्या संहितेचं १४४ आलं, पण कागद तेच लागतात.

बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या विधी सेवेच्या फोन क्रमांकावर विचारता येतं. हे वाटूरच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं आणि प्रत्येक तालुक्याला फक्त याच कामासाठी पूर्णवेळ संरक्षण अधिकारी द्यावा.