लखनौ: तोफा थंडावल्यावर आलेला कॅमेरा

१८५७ च्या उठावावरचे कोणतेही सचित्र पुस्तक उघडा, एक छायाचित्र बहुधा भेटतेच. मागे एका देखण्या कोठीचा दर्शनी भाग आहे. खांब उभे आहेत, पण गिलावा उडालेला, भिंतींना तोफगोळ्यांची भगदाडे. अंगणात काही माणसे उभी आहेत, एक घोडा आहे. आणि त्यांच्या पुढ्यात, अंगणभर, माणसांची हाडे विखुरलेली आहेत. कवट्या ओळखू येतात, बरगड्या ओळखू येतात. उभी असलेली माणसे मात्र कॅमेऱ्याकडे अगदी शांतपणे बघत आहेत.

ही जागा लखनौची सिकंदरबाग. अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याने आपल्या सिकंदर महल या बेगमेच्या नावाने वसवलेली, उंच तटाची बाग. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सर कॉलिन कॅम्बेलच्या फौजेने, मुख्यतः ९३ व्या हायलँडर्स आणि ४ थ्या पंजाब पलटणीने, ती घेतली. आतले सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. तटाला बाहेर पडायची वाटच उरली नव्हती. पिंपळाच्या झाडावर बसून इंग्रज सैनिकांना टिपणाऱ्या एका स्त्रीची हकीकत या लढाईत असलेल्या एका सैनिकाच्या आठवणींत येते. लखनौ तिला ऊदा देवी म्हणून ओळखते आणि तिचा पुतळा आज सिकंदरबागेच्या चौकात आहे. बागेच्या बऱ्याचशा जागेवर आता राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था उभी आहे.

छायाचित्राखालचा मथळा लढाईचे नाव सांगतो, पलटणींची नावे सांगतो, मेलेल्यांचा आकडा सांगतो. एक गोष्ट तेवढी सांगत नाही. लढाई नोव्हेंबरातली आहे आणि छायाचित्र पुढच्या मार्च-एप्रिलमधले. म्हणजे मध्ये चार-पाच महिने गेले होते. त्या वेळी लखनौत असलेले मुलकी अधिकारी जॉर्ज कॅम्बेल यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे की प्रेते नीट झाकून टाकलेली होती, पण त्यांची कायमची विल्हेवाट लागण्यापूर्वी छायाचित्र हवे म्हणून छायाचित्रकाराने हट्टाने ती उघडी करायला लावली. अंगणातली हाडे खरी आहेत, त्यांची मांडणी मात्र छायाचित्रासाठी झालेली आहे.

हा छायाचित्रकार फेलिचे बेआतो. जन्म १८३२ चा, व्हेनिसचा. मेहुणा जेम्स रॉबर्टसन याच्याबरोबर तो क्रिमियाच्या युद्धात पडलेल्या सेव्हास्तोपोलची छायाचित्रे काढून आलेला होता. त्याच युद्धात रॉजर फेंटन या इंग्रज छायाचित्रकाराने १८५५ मध्ये शेकड्यांनी छायाचित्रे घेतली, पण त्यांत एकही प्रेत नाही. तंबू, घोडे, गप्पा मारणारे अफसर, तोफगोळे पडलेली ओसाड दरी. बेआतोने ते बंधन पाळले नाही. १८५८ च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्याला उतरला आणि महिन्याभरात लखनौत पोहोचला. २१ मार्चला शहर पूर्णपणे इंग्रजांच्या हाती आले आणि तो कामाला लागला. युद्धात मेलेल्या माणसांची जगातली अगदी सुरुवातीची छायाचित्रे याच मोसमात निघाली. पुढे १८६० मध्ये चीनच्या ताकू किल्ल्यांवर त्याने तेच केले. छायाचित्र होईपर्यंत प्रेते हलवू नका अशी त्याची विनवणी चालली होती, हे तिथल्या एका लष्करी डॉक्टराने लिहून ठेवले आहे. गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला नेमके कळत होते. ज्या अफसरांनी शहर घेतले तेच त्याच्याकडून छायाचित्रे विकत घेत होते, आणि पुढे लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरही ती विकायला ठेवली गेली.

त्या काळची यंत्रणा बघितली की हे काम किती जिकिरीचे होते ते लक्षात येते. काचेच्या पत्र्यावर रसायनाचा थर देऊन निगेटिव्ह तयार होई. मोठे करण्याची सोय नव्हती, म्हणून छायाचित्र जेवढे हवे तेवढीच काच लागे. लाकडी पेटी, तिवई, जड काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाराची सोय असा सगळा संसार घेऊन एप्रिलच्या उन्हात फिरायचे. छापायचा कागद अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा हात देऊन तयार केलेला असे आणि काच त्याच्यावर ठेवून उन्हात चित्र उतरवले जाई. काचेवर प्रकाश पडू द्यायला वेळ लागे, त्यामुळे जे हलले ते पुसट झाले किंवा उमटलेच नाही. बेआतोचे लखनौ ओस पडलेले दिसते त्याचे एक कारण खरोखर ओस पडलेले शहर, आणि दुसरे हे. सिकंदरबागेतली माणसे म्हणूनच इतकी ताठ उभी आहेत. त्यांना हलू नका असे सांगितलेले आहे.

एवढे असूनही बेआतोच्या लखनौच्या संचाला मी फार मोलाचा मानतो, आणि ते हाडांमुळे नव्हे.

शहर पडण्याच्या थोडे आधी ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल दिलखुशा कोठीच्या गच्चीवरून लखनौकडे पाहत होता. घुमट, मिनार, सोनेरी कळस, मध्ये हिरवी झाडी, असा तो देखावा पाहून त्याला हे शहर पॅरिसपेक्षाही विस्तीर्ण वाटले. हा इंग्रजांच्या बाजूचा माणूस आहे, तरी लिहिताना त्याला भुरळ पडलेली कळते. काही दिवसांतच कैसरबागेची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली आणि तीही लिहिली. १८४८ ते १८५० या काळात वाजिद अली शाहने बांधलेली ही राजवाड्यांची वसाहत, तिचे मत्स्यकन्यांच्या कमानीचे दरवाजे, बारादऱ्या, संगमरवरी पुतळे, कारंजी. यातले बरेच पुढे उरले नाही. आज दोन लाखी दरवाजे, सफेद बारादरी आणि काही तुकडे सापडतात.

शहर घेऊन झाल्यावर ते पुन्हा कधी हातचे जाऊ नये याची योजना इंजिनिअर रॉबर्ट नेपियरने आखली. (हाच नेपियर पुढे मुंबईच्या फौजेचा सरसेनापती झाला आणि १८६८ च्या हबसाणच्या स्वारीवर मुंबईहून निघाला.) दाट मोहल्ल्यांतून रुंद, सरळ रस्ते काढायचे, म्हणजे तोफा आणि पलटणी झपाट्याने हलतील. मच्छी भवनच्या किल्ल्याभोवतीचे आणि नदीकाठचे बांधकाम साफ करायचे, म्हणजे गोळीला आडोसा राहणार नाही. शहराचा मोठा भाग लढाईत नव्हे, लढाईनंतर शांतपणे, नकाशे काढून पाडला गेला. नवाब आसफउद्दौलाचा मोठा इमामवाडा वाचला, पण कित्येक वर्षे लष्कराच्या ताब्यात राहिला.

बेआतोची काच नेमकी या दोन घटनांच्या मधली आहे. लढाई संपलेली आहे आणि पाडकाम अजून पुरे झालेले नाही. उंच इमारतींच्या माथ्यावर चढून त्याने एकामागून एक काचा घेतल्या आणि त्यांचे छाप शेजारी शेजारी जोडून सबंध क्षितिज उभे केले. त्यातला प्रत्येक सज्जा आणि कमानीवरची प्रत्येक मासळी भिंगाखाली धरून पाहता येते. गोमतीकाठच्या छत्तर मंझिलच्या छायाचित्रात नवाबाची मासळीच्या आकाराची नाव पाण्यात उभी आहे. जोडमासळी हे अवधच्या राज्याचे चिन्ह, आणि आजच्या उत्तर प्रदेश सरकारच्या बोधचिन्हातही ती आहे. त्या नावेचा आकार, तिची बांधणी आपल्याला एवढ्या बारकाईने कळते ती या छायाचित्रामुळे. छत्तर मंझिलमध्ये पुढे इंग्रज अफसरांचा क्लब आला आणि स्वातंत्र्यानंतर केंद्रीय औषध संशोधन संस्था. वापर बदलत गेले, गोमतीचा काठही बदलला, पण मूळ कोठी कशी होती हे ठरवायचे झाले की आजही १८५८ च्या काचेकडेच जावे लागते.

बेआतोला विजयाचा देखावा हवा होता. कॅमेऱ्याला मात्र हवे तेवढेच टिपायचे येत नाही. समोर जे जे आहे ते सगळे त्यात शिरते, आणि विकत घेणाऱ्याला नको असलेले तपशीलही शिरतात. सिकंदरबागेच्या छायाचित्रातली हाडे पुरावा म्हणून संशयास्पद आहेत, पण त्यामागच्या भिंतीवर शंका घेता येत नाही.

याच काळात दक्षिणेला झाशीवर सर ह्यू रोजचा वेढा पडला होता आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाशी पडली. तिथे कोणी बेआतो नव्हता. राणीचे म्हणून जी छायाचित्रे फिरतात त्यांच्यावर विश्वास ठेवायला आधार नाही. झाशीची लूट आणि कत्तल आपल्याला कळते ती वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या लेखणीतून. दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेलेला हा भिक्षुक नेमका झाशीत सापडला, पुढे घरी परतून त्याने सगळे लिहून काढले, आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापले. दोन्ही शेजारी ठेवून बघावीत. गोडसे भटजींकडे रडणे आहे, तहान आहे, लपून बसलेल्यांची कुजबुज आहे, पण झाशीतल्या हलवाईपुऱ्याच्या घरांचे सज्जे कसे होते हे नाही. बेआतोकडे सज्जे आहेत, माणसांचा आवाज नाही.

लखनौची माणसे बघायची तर बेआतोच्या आधी जावे लागते. हुसैनाबाद इमामवाड्याचा दरोगा अहमद अली खान, लोक त्याला छोटे मियाँ म्हणत, हा १८५७ च्या आधीच छायाचित्रण शिकलेला होता. त्याच्या हातच्या चित्रांचा एक अल्बम लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात लखनौतली इंग्रज मंडळी आहेत: अधिकारी, त्यांच्या बायका, मुले. खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर, चेहरे जरा अवघडलेले, खाली हाताने लिहिलेली नावे. काही महिन्यांतच यातले पुष्कळ लोक रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंग्रज रेसिडेंटच्या वसाहतीच्या, वेढ्यात सापडले. ३० जून १८५७ ला चिनहटची लढाई इंग्रज हरले आणि वेढा पडला. आत सुमारे तीन हजार माणसे होती. चीफ कमिशनर सर हेन्री लॉरेन्स ४ जुलैला जखमांनी गेले. पहिली मदत २५ सप्टेंबरला पोहोचली, पण तीही आतच अडकली, आणि सुटका व्हायला नोव्हेंबर उजाडला. अल्बममधल्या कित्येकांचा तो शेवटचा चेहरा ठरला. ज्या माणसाने ते चेहरे टिपले तो स्वतः नवाबी दरबाराचा माणूस होता, हे विसरता येत नाही. बेआतोसारखा तो परका नव्हता, आणि समोर बसलेल्यांशी त्याचे रोजचे येणे-जाणे होते. ते त्या चित्रांच्या साधेपणात दिसते असे मला वाटते.

आणि बेआतोनंतरची माणसे पाहायची तर आणखी एका दरोग्याकडे, अब्बास अली याच्याकडे. नगरपालिकेत इंजिनिअर म्हणून नोकरी केलेला हा गृहस्थ. १८७४ मध्ये त्याने पन्नास छायाचित्रांचा ‘लखनौ अल्बम’ काढला, सोबत शहराचा मोठा नकाशा. रेसिडेन्सीचे पडके अवशेष, बेली गारद, सिकंदरबाग अशी ठिकाणे पाहायला येणाऱ्या इंग्रज प्रवाशांसाठी हे पुस्तक होते. रेसिडेन्सी तर इंग्रजांनी मुद्दाम पडक्या अवस्थेतच जपली, आणि तिच्यावरचा झेंडा १९४७ पर्यंत रात्रीही उतरवला नाही. अब्बास अलीने हे सगळे गिऱ्हाइकाला आवडेल असेच दाखवले. पण नोकरीमुळे बदललेल्या लखनौचे रस्ते त्याला आतून माहीत होते, त्यामुळे त्याची पुस्तके बेआतोला ताडून पाहायला सोयीची पडतात. कुठे काय गेले, कुठे काय डागडुजी होऊन उरले, हे सोळा वर्षांच्या अंतराने कळते.

१८८० मध्ये त्याने अवधच्या राजे आणि तालुकदारांचा अल्बम काढला. त्यात तीनशेहून अधिक व्यक्तिचित्रे आहेत. मार्च १८५८ च्या जाहीरनाम्याने गव्हर्नर जनरल कॅनिंगने यांच्या जमिनी जप्त केल्या आणि मग निष्ठेच्या बदल्यात बहुतेकांना सनदा देऊन परत केल्या. वाजिद अली शाहच्या कैसरबागेतले वाडे त्यांना राहायला मिळाले. एकेक चेहरा बघत जावे: कुणी जरीच्या अंगरख्यात, कुणी तलवार मांडीवर घेऊन, कुणी विलायती खुर्चीत. त्यातल्या काही घराण्यांनी वीस वर्षांपूर्वी याच सरकारविरुद्ध शस्त्र उचलले होते. चित्रात ते दिसत नाही, आणि दिसू नये अशीच त्या बैठकीची रचना आहे.

पण अब्बास अलीचे सर्वांत धिटाईचे पुस्तक १८७४ चेच, ‘ब्यूटीज ऑफ लखनौ’. त्यात अवध दरबारातल्या आणि शहरातल्या गाणाऱ्या, नाचणाऱ्या आणि नाटकात काम करणाऱ्या बायकांची चोवीस चित्रे आहेत. १८५७ नंतर या तवायफांकडे सरकारची नजर दोन कारणांनी गेली. एक, उठावाला साथ दिल्याच्या ठपक्यावरून त्यांची संपत्ती जप्त झाली. दोन, गोऱ्या शिपायांच्या आरोग्यासाठी त्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी सुरू झाली. नगरपालिकेच्या करवसुलीच्या वह्यांत त्या सर्वांत जास्त कर भरणाऱ्यांच्या यादीत सापडतात, आणि तिथेही त्यांचा उल्लेख नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका एवढाच येतो. अब्बास अली त्याच नगरपालिकेचा माणूस. त्याने मात्र पहिल्याच पानावर त्यांना नामांकित गायिका आणि अभिनेत्री म्हटले आणि दरबारी वेशात कॅमेऱ्यासमोर बसवले.