कृष्णपदार्थ नीट कळल्याशिवाय विश्वाचा वेग मोजता येईल का?

विश्व प्रसरण पावतंय, हे तुम्ही नक्की ऐकलं असेल. पण किती वेगाने? इथे दोन उत्तरं आहेत आणि ती जुळत नाहीत. आदिविश्वातून आलेलं प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहावरून ६७.४ हा आकडा निघतो. जवळच्या दीर्घिकांमधले तारे आणि सुपरनोव्हा वापरले, तर साधारण ७३. (एकक आहे दर मेगापार्सेक अंतरामागे किलोमीटर प्रति सेकंद. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं.) मोजमापात कुठे गडबड आहे, की आपलं विश्वाचं प्रारूपच अपुरं आहे? हे ठरवायला तिसरी, स्वतंत्र पद्धत हवी. म्युनिकजवळच्या गार्शिंगमध्ये काम करणाऱ्या शेरी सुयू अनेक वर्षं त्याच पद्धतीच्या मागे आहेत.

कल्पना शूर रेफ्सडाल यांची, १९६४ मधली. दूरच्या क्वेसारचा प्रकाश वाटेतल्या एखाद्या दीर्घिकेजवळून येताना वाकतो आणि आपल्याला एकाच क्वेसारच्या अनेक प्रतिमा दिसतात. प्रत्येक प्रतिमेच्या प्रकाशाची वाट वेगळी. त्यामुळे क्वेसार मध्येच उजळला, तर ते सगळ्या प्रतिमांमध्ये एकदम दिसत नाही. आरएक्सजे ११३१ या क्वेसारच्या चार प्रतिमांपैकी तीन जवळपास एकत्र उजळतात आणि चौथी सुमारे ९१ दिवसांनी! हा उशीर अंतरांवर अवलंबून असतो आणि अंतरं प्रसरणाच्या वेगावर. म्हणजे उशीर मोजला की वेग काढता येतो.

पण खरी गोम पुढेच आहे. उशीर दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणावरही अवलंबून असतो आणि तिथलं बरंचसं वस्तुमान न दिसणाऱ्या कृष्णपदार्थाचं असतं. त्याची मांडणी जरा बदलली, तरी प्रतिमा तिथल्या तिथेच राहू शकतात. उशीर मात्र बदलतो. मग प्रतिमा कितीही बारकाईने बघा, त्यावरून ही मांडणी पुरती कळणार नाही.

सुयू यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने सहा भिंगांवरून ७३.३ हे उत्तर काढलं, साधारण अडीच टक्के अनिश्चिततेसह. विश्लेषण पूर्ण होईपर्यंत उत्तर स्वतःपासूनच लपवून ठेवण्याची शिस्त त्यांनी बहुतेक भिंगांसाठी पाळली. का? आकडा हवा तसा आला की माणूस चुका शोधायचं थांबवतो, म्हणून.

२०२० मध्ये सुयूंसह अनेकांनी वस्तुमानाच्या मांडणीबद्दलचं गृहीतक मुद्दाम सैल केलं. सात भिंगांवरून ७४.५ आलं, पण अनिश्चितता सुमारे आठ टक्क्यांवर गेली. शिवाय इतर भिंगांची माहिती जोडल्यावर आकडा ६७.४ झाला! एवढ्या अनिश्चिततेत दोन्ही बाजू बसतात. स्वतःचाच नेमका निकाल स्वतः ढिला करणं सोपं नसतं.

आता वाट आहे ती दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या गतींची. तारे किती वेगाने फिरतात त्यावरून वस्तुमान स्वतंत्रपणे कळतं. तेव्हा पुढच्या वेळी ‘विश्वाचा वेग मोजला’ अशी बातमी वाचलीत, तर नुसता आकडा बघू नका. कृष्णपदार्थाबद्दल काय गृहीत धरलंय, तेही बघा.