कपाटाची किल्ली कोणाकडे?

शाळेची वार्षिक तपासणी असते त्या दिवशी ग्रंथालयाचे कपाट हमखास उघडे असते. पुस्तकांवरची धूळ झटकलेली असते आणि नोंदवही टेबलावर नीट मांडलेली असते. अधिकारी निघून गेले की कपाटाला पुन्हा कुलूप लागते.

हे आम्ही कुणाकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. आम्ही स्वतः एका धर्मग्रामाच्या शाळेचे व्यवस्थापक असताना हेच केले आहे. एका वर्षी तीन पुस्तके परत आली नाहीत, म्हणून ‘कपाट बंद ठेवा, मागितले तरच पुस्तक द्या’ अशी सूचना आम्ही दिली. पुढच्या वर्षी एकही पुस्तक हरवले नाही, याचे आम्हांला समाधान वाटले. त्या वर्षी मुलांनी एकही पुस्तक नेले नव्हते, हे मात्र नोंदवही चाळल्यावर फार उशिरा ध्यानात आले.

पुस्तक जपण्याची ही काळजी जुनी आहे. मध्ययुगीन युरोपात मठांतील आणि कॅथेड्रलमधील ग्रंथ फळीला साखळीने बांधून ठेवीत. इंग्लंडमधील हेरफर्ड कॅथेड्रलचे असे साखळ्यांचे ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. त्या काळी ग्रंथ हाताने लिहिले जात आणि एकेक प्रत तयार व्हायला कित्येक महिने लागत. साखळीला कारण होते. आज मुलांचे गोष्टीचे पुस्तक थोड्या पैशांत मिळते, तरी आपल्या मनातील साखळी सुटलेली नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले. त्यातील पहिलाच असा की, ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. बाकीचे चार सिद्धांत त्यानंतर येतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व सर्व विषयांच्या पुस्तकांबरोबर गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे त्याच्या परिशिष्टात नमूद आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही असा निर्णय दिला. परंतु ज्या गोष्टीची इतर शाळांकडून कायद्याने अपेक्षा केली जाते, तिच्यात ख्रिस्ती शाळांनी मागे राहावे काय?

गोष्टीच्या पुस्तकांना आपण ‘अवांतर वाचन’ म्हणतो. या शब्दातच आपली अढी दडलेली आहे. पालक म्हणतात, ‘आधी अभ्यास कर, मग ते वाच.’ हा ‘मग’ क्वचितच उगवतो. वास्तविक भाषा येते ती वाचनाच्या सरावाने. जो मुलगा पाठ्यपुस्तकाबाहेर काहीच वाचत नाही, त्याला इतिहासाचा धडा आणि गणितातील शाब्दिक उदाहरणेही जड जातात.

मग मुलांना पुस्तकाकडे कसे आणावे? अनुभवी शिक्षक ज्या गोष्टी सांगतात, त्या साध्या आहेत.

पहिली गोष्ट, मोठ्याने वाचून दाखवणे. लहान मूल स्वतः जेवढे वाचू शकते, त्याहून पुष्कळ अधिक ते ऐकून समजू शकते. शिक्षकाने रोज दहा मिनिटे गोष्ट वाचावी आणि उत्कंठेच्या जागी थांबावे. दुसऱ्या दिवशी मुलेच पुस्तक मागायला येतात.

दुसरी गोष्ट, निवड मुलाची असावी. पुस्तक झेपेल की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. मुलाने मधलेच एक पान उघडावे आणि न समजणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पान संपण्यापूर्वीच पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंकही मुले आवडीने चाळतात.

तिसरी गोष्ट, वाचल्यानंतर परीक्षा नको. ‘सारांश लिहून आण’ म्हटले की गोष्टीचा गृहपाठ होतो. ‘तुला कोण आवडले?’ एवढे विचारणे पुरेसे आहे.

चौथी गोष्ट, देवघेव मुलांच्याच हाती सोपवावी. सातवी-आठवीची दोन मुले नोंदवही उत्तम सांभाळतात, आणि आपल्या मित्राकडून पुस्तक परत कसे मिळवावे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तरीही वर्षाकाठी चार पुस्तके फाटतील, दोन हरवतील. तो ग्रंथालयाचा खर्च समजावा.

हे काम एकट्या शाळेचे नाही. आपल्या घरी संध्याकाळी रोझरी होते, सारे कुटुंब एकत्र बसते. रोझरी संपल्यावर टीव्ही किंवा मोबाईल सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे कुणीतरी काही वाचून दाखवावे. आजी-आजोबांनी वाचावे, एखाद्या दिवशी नातवंडाने वाचून त्यांना ऐकवावे. मुले इंग्रजी माध्यमात शिकत असतील, तर मराठीचे वाचन घरीच व्हावयास हवे. मिस्सेतील वाचन अडखळत करणारी आपली तरुण मुले पाहिली की ही निकड जाणवते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. परदेशातून आलेल्या एका येशूसंघीय धर्मगुरूने आपल्या भाषेत ओव्या रचल्या. त्या भाषेतील गोष्ट वाचणे आपल्याच नातवंडांना कठीण जावे, ही खेदाची बाब आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात पुस्तकांची एक पेटी ठेवता येईल. प्रथम कम्युनियनला पाकिटाबरोबर एक पुस्तकही देता येईल.

संत इग्नेशियस १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी होऊन लोयोलाच्या वाड्यात पडून होते. त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. त्या पुस्तकांनी त्यांचे जीवन पालटले. ती पुस्तके कुणीतरी आधीच घरात आणून ठेवली होती आणि मागताच ती आजाऱ्याच्या हाती दिली गेली. कोणते पुस्तक कोणत्या मुलाला कधी भेटेल, हे आपल्याला ठरवता येत नाही. ते त्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू नाझरेथच्या सभास्थानात वाचावयास उभा राहतो. यशया संदेष्ट्याचा ग्रंथ त्याच्या हाती दिला जातो. वाचून झाल्यावर तो ग्रंथ गुंडाळून सेवकाला परत देतो. ग्रंथ सांभाळणाऱ्या त्या सेवकाचे नावही आपल्याला ठाऊक नाही. त्याने आपले काम चोख केले होते. आपल्या शाळांतील कपाटांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत, त्या सर्वांनी नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी त्याची आठवण करावी, एवढीच विनंती.